पान कोणी उलटायचं?

(रत्नागिरीतील एका स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कुडाळजवळच्या पिंगुळी गावात चित्रकथीचा खेळ सुरू होतो, तेव्हा सर्वांत आधी गणपतीचं चित्र समोर येतं. मग सरस्वतीचं. कथेकरी जमिनीवर मांडी घालून बसलेला असतो, शेजारी वीणा, टाळ आणि हुडूक वाजवणारे साथीदार, आणि मधे टेकवून उभी केलेली चित्रांची चळत. चित्र फूट-सव्वा फुटाचं, कागदावर रंगवलेलं. दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली, म्हणजे एका पानाच्या दोन बाजूंना आख्यानातले दोन प्रसंग. अशा सुट्या पानांच्या संचाला ही मंडळी 'पोथी' म्हणतात. एका पोथीत एक आख्यान, रामायणातलं नाहीतर महाभारतातलं. कथेकरी चित्र दाखवतो, गातो, बोलतो, रावणाचा आवाज काढतो, लगेच सीतेचाही काढतो. प्रसंग संपला की पान उलटतो.

आजच्या व्याख्यानाचा विषय या उलटण्यापाशीच आहे.

सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. त्याआधी पिंगुळी रत्नागिरी जिल्ह्यातच होतं. चित्रांची पोथी लोकांसमोर मांडायची, तिचा खेळ करायचा आणि आजोबांपासून त्यांच्या मांडीवर पेंगणाऱ्या नातवापर्यंत सगळं घर एका बैठकीत धरून ठेवायचं, ही विद्या या जिल्ह्याच्या जुन्या हद्दीत नांदत होती. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. कारण 'मुलांच्या चित्रपुस्तकावरून केलेलं सहकुटुंब नाटक' असं म्हटलं, की लंडनमधलं नाताळचं मोठं थिएटर डोळ्यांसमोर येतं आणि आपल्याकडे हे आता कुठे येऊ घातलंय असं वाटू लागतं. लंडनकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे, त्याबद्दल पुढे बोलायचंच आहे. पण आपला हिशेब कोऱ्या पाटीवरून सुरू होत नाही.

चित्रकथी जुनी किती? चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात चित्रं दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. पिंगुळीची परंपरा ठाकर समाजाने सांभाळली आणि सावंतवाडीच्या संस्थानाने तिला आश्रय दिला. याच मंडळींकडे कळसूत्री बाहुल्या आहेत आणि चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळही आहे. यांच्यापैकीच परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, तिथे जुनी चित्रं आणि बाहुल्या मांडल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयातही चित्रकथीची चित्रं पाहायला मिळतात. पण काचेमागचं चित्र आणि कथेकऱ्याच्या हातातलं चित्र यांत फरक आहे. काचेमागचं उलटत नाही.

त्या चित्रांकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट ध्यानात येते. डोंगर, झाडं, महाल यांची गर्दी तिथे नाही. माणसं आहेत, त्यांचे मोठाले डोळे आहेत, उगारलेले हात आहेत, धावणारे पाय आहेत. मागचा कागद बराचसा मोकळा. चित्रकाराने मुद्दाम जागा सोडलेली आहे, कारण बाकीचं काम बोलणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं आहे हे त्याला ठाऊक होतं.

आता आजच्या चित्रपुस्तकाकडे यावं. जगभरात त्याचा रूढ आकार ३२ पानांचा. हा आकडा कुठल्या बालमानसशास्त्रज्ञाने ठरवलेला नाही, छापखान्याने ठरवला. मोठ्या कागदाच्या घड्या घातल्या की पानं आठाच्या आणि सोळाच्या पटीत पडतात. शीर्षक वगैरेंची पानं वजा जाता गोष्टीला समोरासमोरच्या पानांच्या बारा ते चौदा जोड्या उरतात. म्हणजे लेखक-चित्रकाराच्या हाती साधारण बारा-तेरा वेळा पान उलटणं एवढंच भांडवल. कसलेला चित्रकार पान उलटण्याआधी काय लपवायचं आणि उलटल्यावर काय दाखवायचं, यावर गोष्ट बांधतो. मूल मांडीवर बसलेलं असतं, आईचा अंगठा पानाच्या कोपऱ्यावर असतो, आणि मुलाला ते पान स्वतः उलटायचं असतं. त्या खेचाखेचीत जे नाट्य आहे ते रंगमंचावर न्यायचं कसं, हा रूपांतर करणाऱ्यापुढचा खरा पेच. कथानक नेणं सोपं आहे. कथानक मुळात मूठभरच असतं.

पॅट हचिन्स या इंग्लिश चित्रकर्तीचं १९६८ सालचं 'रोझीज वॉक' नावाचं पुस्तक या बाबतीत पाठ्यपुस्तकासारखं आहे. सगळं पुस्तक मिळून शब्द ३२. एक कोंबडी फिरायला निघते, अंगण ओलांडते, तळ्याला वळसा घालते आणि जेवणाच्या वेळेला घरी परत येते, एवढंच शब्द सांगतात. चित्रांत मात्र तिच्या मागावर पहिल्या पानापासून एक कोल्हा आहे. तो दाताळ्यावर पाय देऊन नाकावर दांडा खातो, तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत बुडतो, पिठाने माखतो आणि शेवटी मधमाश्या त्याच्या मागे लागतात. शब्दांना या कोल्ह्याचा पत्ताच नाही. कोंबडीलाही नाही. पत्ता आहे तो फक्त चित्र वाचणाऱ्या मुलाला. वाचून दाखवणारा मोठा माणूस शब्दांत गुंतलेला असतो आणि अक्षरओळख नसलेलं पोर त्याच्यापेक्षा जास्त जाणत असतं.

हे पुस्तक रंगमंचावर आणताना निवेदकाने कोल्ह्याचं नाव घेतलं की खेळ संपला. निवेदकाने शेवटपर्यंत आंधळं राहायला हवं. 'मागे बघ, मागे बघ' असं पोरांनी ओरडायचं आणि त्याने भलतीकडेच बघायचं. बालनाट्याच्या प्रयोगाला गेलेल्या प्रत्येकाला हे ओरडणं ठाऊक आहे. आपले नट ते हुकमी वसूल करतात. गंमत अशी, की ज्या युक्तीला कुणी टाळ्याखाऊ म्हणून नाक मुरडेल, तीच या पुस्तकाची अचूक रंगभाषा आहे.

मराठी बालरंगभूमीची गोष्ट इथे थोडक्यात सांगायला हवी. १९५९ साली सुधा करमरकर यांनी 'लिटल थिएटर' उभं करून रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' केलं. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोरांनी पाठ केलेलं बोलून दाखवायचं, यापलीकडे जाऊन मोठ्या नटांनी मुलांसाठी व्यावसायिक सफाईने नाटक करायचं, ही कल्पना तिथून रुजली. पुढे मतकरींनी आपली 'बालनाट्य' संस्था काढली. 'निम्मा शिम्मा राक्षस' आणि 'अलबत्या गलबत्या' ही नावं आजही आजीआजोबांच्या ओठांवर आहेत. 'अलबत्या गलबत्या'मधली चिंची चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकर करत. २०१८ साली चिन्मय मांडलेकर यांनी ते नव्याने बसवलं तेव्हा चेटकीण झाले आपल्या देवरुखचे वैभव मांगले. चिंचीला घाबरलेले बाप आणि चिंचीला घाबरणारी त्यांची मुलं एकाच रांगेत बसली. सहकुटुंब नाटक म्हणतात ते हेच.

दुसरा प्रवाह पुण्यात १९८६ साली सुरू झाला. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची रीत आणली आणि 'छान छोटे वाईट्ट मोठे' रंगमंचावर आलं. तिथे राजकन्या नाही, चेटकीण नाही. घर आहे, शेजारी आहेत, खेळायला जागा नसलेली मुलं आहेत, आणि ही मुलं मोठे नट करतात. करमरकर-मतकरींचा प्रवाह अद्भुताचा, ग्रिप्सचा रोजच्या जगण्याचा. दोन्हींनी मराठी मुलांना भरपूर दिलं.

मात्र दोन्ही प्रवाहांची मुळं चित्रपुस्तकात नव्हती, आणि यात कुणाचा दोष नाही. १९५९ साली मराठीत मुलांसाठी गोष्टी उदंड होत्या, पण चित्राने निम्मी गोष्ट स्वतःच्या खांद्यावर घेतलेली पुस्तकं विरळा. मधे मधे चित्रं घातलेली गोष्ट आणि चित्रपुस्तक या दोन वेगळ्या चिजा आहेत. दुसरी चीज मराठीत रुजवण्यात माधुरी पुरंदरे यांचा वाटा फार मोठा. जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेल्या आणि पॅरिसला जाऊन आलेल्या पुरंदरे लिहितातही आणि चित्रंही काढतात. 'राधाचं घर', 'पाचवी गल्ली', 'बाबांच्या मिशा' अशी पुस्तकं आज कितीतरी घरांत फाटेस्तोवर वाचली जातात. २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. इथे आणखी एक गोष्ट आठवते. थिएटर अकॅडमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त गाणाऱ्या माधुरी पुरंदरे त्याच. रंगमंच आतून ओळखणारी बाई चित्रपुस्तकाकडे वळली, तर मग चित्रपुस्तकाने रंगमंचाकडे जायला अवघडण्याचं कारण काय?

मुंबईत हे घडलं आहे, मराठीत नव्हे, हिंदीत. गिलो या नाट्यसंस्थेच्या शैली सथ्यू यांनी चेन्नईच्या तुलिका प्रकाशनाची दोन चित्रपुस्तकं रंगमंचावर आणली. 'क्यूँ क्यूँ लडकी' हे महाश्वेतादेवींच्या पुस्तकावरून, आणि 'हनुमान की रामायण' हे देवदत्त पट्टनायक यांच्या पुस्तकावरून. दोन्ही निवडी विचार करण्यासारख्या आहेत.

महाश्वेतादेवींच्या पुस्तकातली मोयना ही शबर जमातीतली मुलगी. ती शेळ्या राखते, लाकूडफाटा आणते आणि दिवसभर 'का' विचारते. पाणी इतक्या लांबून का आणायचं, दोन वेळा भात का मिळत नाही, मालकाचे आभार का मानायचे. गावकरी तिला वैतागतात. लेखिका मात्र तिला हळूहळू पुस्तकांपर्यंत नेते. एका अर्थी यात घटना नाहीतच, प्रश्नच आहेत. नाटकवाल्याला पहिला मोह होणार तो गोष्टीत एक खलनायक घालण्याचा. मालकाला मिशा लावाव्या, हातात चाबूक द्यावा, शेवटी त्याची फजिती करावी. तो मोह आवरला तरच मोयना उरते. तिचे प्रश्न हेच तिथे पान उलटणं आहे. प्रत्येक 'का' पुढचं पान उघडतो, आणि उत्तर त्या पानावर सापडतंच असं नाही.

'हनुमान की रामायण'ची कल्पना तर कोकणच्या माणसाला घरची वाटावी. वाल्मीकी रामायण लिहून पुरं करतात आणि नारद सांगतो, की हनुमानानेही एक रामायण लिहिलंय आणि ते याहून सरस आहे. वाल्मीकी शोधत जातात ते केळीच्या बनात. तिथे हनुमानाने केळीच्या पानांवर नखांनी रामायण कोरलेलं असतं. ते वाचून वाल्मीकींच्या डोळ्यांत पाणी येतं. आता आपलं रामायण कोण वाचणार, असं त्यांच्या मनात येतं, आणि ते ओळखून हनुमान आपलं रामायण नाहीसं करून टाकतो. पुस्तकातलं पुस्तक केळीच्या पानांचं. रत्नागिरीत याचा प्रयोग करायचा झाला तर नेपथ्याचा खर्च किती येईल याचा अंदाज इथल्या प्रत्येक गृहिणीला आहे. शिवाय प्रत्येक प्रयोगानंतर ती पानं खरोखरच वाया जाणार आणि उद्या नवी लागणार. नाटकाचं आणि केळीच्या पानाचं आयुष्य सारखंच.

आता लंडनकडे. ज्युलिया डोनाल्डसन यांनी लिहिलेलं आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांनी चितारलेलं 'द ग्रफलो' १९९९ साली आलं. शब्द सुमारे ७००, सगळे यमकात, वाचायला पाच-सात मिनिटं. एक उंदीर जंगलातून जाताना कोल्हा, घुबड आणि साप यांना एका भयंकर प्राण्याची थाप मारतो, आणि मग तो थापेतला प्राणी खरोखरच समोर उभा राहतो. या गोष्टीचं बीज वाघाच्या दहशतीवर मिरवणाऱ्या कोल्ह्याच्या चिनी लोककथेत आहे. पंचतंत्र ऐकलेल्या माणसाला ही जातकुळी चटकन ओळखू येईल.

'टॉल स्टोरीज' या मंडळींनी २००१ साली त्याचं नाटक केलं. नट फक्त तीन, वेळ तासाच्या आत. पाच-सात मिनिटांची पंचावन्न मिनिटं कशी झाली? त्यांनी नवं कथानक घुसवलं नाही. कोल्हा, घुबड, साप या तिघांना तीन स्वभाव आणि तीन गाणी दिली. कोल्हा गोडबोल्या दलाल झाला, घुबड निवृत्त हवाईदलवालं. तिन्ही प्राणी एकच नट करतो. आणि सर्वांत चलाख गोष्ट अशी, की जो निवेदक गोष्ट सांगत असतो, तोच पुढे ग्रफलो होऊन उभा राहतो. गोष्ट सांगणारा बाबाच राक्षस होतो, हे घरातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं. रात्री पांघरूण अंगावर घेऊन बाबा तेच तर करतो. पिंगुळीचा कथेकरी एकाच तोंडाने रावण आणि सीता करतो तेही याच न्यायाने.

ज्युडिथ कर यांच्या 'द टायगर हू केम टू टी' या १९६८ सालच्या पुस्तकाचं नाटक डेव्हिड वूड यांनी २००८ साली केलं. एक वाघ चहाच्या वेळी दार वाजवतो, आत येतो, घरातलं सगळं खातो, नळाचं पाणीसुद्धा संपवतो आणि निघून जातो. का आला, कुठे गेला, काही सांगितलेलं नाही. पुस्तकात वाघ खातो हे चित्राने दाखवणं सोपं, रंगमंचावर खाणं खरोखर नाहीसं व्हायला हवं. वूड स्वतः जादूचे प्रयोग करणारे, तिथल्या मॅजिक सर्कल या जादूगारांच्या संस्थेचे सदस्य. त्यांनी जादूगाराच्या युक्तीने ताटं रिकामी केली. इथे तंत्र ज्या जागी हवं त्याच जागी आलं. वाघ का आला याचं कारण मात्र त्यांनी शोधत बसण्याची चूक केली नाही.

एरवी तंत्राबद्दल या वक्त्याचं मत फारसं चांगलं नाही. आजकाल सोपा मार्ग असा निघाला आहे, की पुस्तकातली चित्रं स्कॅन करायची, मागे एलईडी पडद्यावर लावायची आणि पुढे नटांनी नाचायचं. चित्र वीस फुटांचं होतं आणि त्याच क्षणी मरतं. चित्रपुस्तकातलं चित्र बघायला मूल वाकतं, बोट ठेवतं, कोपऱ्यातली मुंगी शोधतं. पडद्यावरचं चित्र शोधायला लावत नाही, ते नुसतं अंगावर येतं. शिवाय पडदा आपोआप बदलतो. पान कुणीच उलटत नाही.

भीतीबद्दलही थोडं बोलायला हवं, कारण पालकांची पहिली तक्रार तीच असते. मुलं घाबरतील, राक्षस जरा गोड करा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाने ही तक्रार करावी याचं नवल वाटतं. शिमग्यात आणि नमन या आपल्या लोकनाट्यात संकासूर पाहिलेल्यांपैकी कितीतरी जण या सभागृहात असतील. काळा झगा, डोक्यावर उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरांचा पट्टा. त्या घुंगरांचा आवाज वाडीच्या टोकाला आला की पोरं आजीच्या पदराआड. आणि दोन मिनिटांनी तीच पोरं त्याच्या मागे धावत, त्याला चिडवत. भिऊन पळायचं आणि परत जवळ जाऊन बघायचं, हा पोरांनी स्वतः बसवलेला खेळ आहे. ग्रफलो हा इंग्लंडचा संकासूर. त्याला गोड केला तर उंदराच्या शहाणपणाला किंमत काय राहिली?

मात्र पदर जवळ असावा लागतो. सहकुटुंब या शब्दाचा अर्थ तिकीट खिडकीवर चार तिकिटं खपणं एवढाच नाही. नमनाच्या खळ्यात मूल आईच्या मांडीवर असतं, म्हणून संकासूर परवडतो. चित्रकथीची चित्रं फूटभराची, म्हणून लोक जवळ सरकून बसत. चित्रपुस्तकाचं नाटक मोठ्या नाट्यगृहात आठशे लोकांसमोर करायची घाई का करावी? रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह आपल्या जागी आहे, तिथे 'अलबत्या गलबत्या'सारखी नाटकं शोभतात. पुस्तकाच्या नाटकाला ग्रंथालयाचा हॉल, शाळेचा मोठा वर्ग, देवळाचा सभामंडप पुरतो. साठ मुलं सतरंजीवर, त्यांच्यामागे मोठी माणसं, चाळीस मिनिटांचा खेळ. मध्यंतर ठेवू नये. मध्यंतरात बटाटेवडा जिंकतो आणि गोष्ट हरते.

तर रत्नागिरीने कोणतं पुस्तक घ्यावं? या वक्त्याला विचाराल तर 'राधाचं घर'. ते अवघड आहे हे मान्य. एक लहान मुलगी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते, बस. चेटकीण नाही, वाघ नाही, थाप नाही. स्पर्धेच्या परीक्षकांना यात संघर्ष कुठे आहे असा प्रश्न पडेल. पण मुलं अशी पुस्तकं पुन्हा पुन्हा मागतात ती ओळखीच्या आनंदासाठी. आपले बाबाही असेच, आपली आजीही अशीच. हा आनंद मंचावर आणायचा तर राधेचं काम करणाऱ्या नटीने एकेका माणसाला उघडून दाखवावं, पान उघडावं तसं. ओटी, पडवी, माजघर असं एकेक दार उघडत गेलं तरी चालेल. कोकणातल्या घराची मांडणी मुळातच पानांसारखी आहे. एकातून दुसऱ्यात जायचं, आणि पुढच्या खोलीत कोण बसलंय ते इथून दिसत नाही.

परवानगीचं तेवढं बोलायला हवं, कारण आपल्याकडे हौशी मंडळी तिथे हमखास चुकतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षं असतो. रूपांतर करण्याचा हक्कही त्यातच येतो. चित्रपुस्तकाला बहुधा दोन धनी असतात, लिहिणारा आणि चितारणारा. वेश आणि नेपथ्य चित्रांबरहुकूम करायचं तर चित्रकाराचीही लेखी संमती हवी, त्याचं नाव जाहिरातीत हवं आणि मानधनही हवं. शाळेतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी शाळेच्या उपक्रमात प्रयोग केला आणि प्रेक्षक म्हणून शाळेतली मंडळी आणि पालकच असले, तर कायदा सवलत देतो. पण तोच प्रयोग बाहेरच्यांना तिकीट लावून केला की सवलत संपते. प्रकाशकाला एक पत्र लिहायला पंधरा मिनिटं लागतात. 'मुलांसाठीच तर करतोय' हे कारण चित्रकाराच्या घरी चूल पेटवत नाही.

आता एक विनंती, आणि ती नेमकी आहे. नमनाची मंडळी, राज्य नाट्यस्पर्धेला दरवर्षी उतरणारे कलाकार, शाळांतल्या चित्रकलेच्या शिक्षिका आणि ग्रंथपाल, एवढ्या चौघांनी एका टेबलाभोवती बसावं. पिंगुळीहून एखाद्या कथेकऱ्याला आधी बोलवावं, त्याचा खेळ पाहावा, पान किती वेळ धरतो आणि कधी उलटतो ते बघावं. मग पुस्तक निवडावं. येत्या मे महिन्याच्या सुट्टीत पहिला प्रयोग करावा, तो फसला तर दिवाळीत दुसरा. रत्नागिरी जिल्हा नगर वाचनालयाची स्थापना १८२८ सालची. २०२८ साली त्याला २०० वर्षं पुरी होतात, म्हणजे तालमींना वेळ आहे, पण फार नाही.